घरच्यांचा हात आधी

मिशनमध्ये एखादी बाई वारली, की पहिला निरोप अनुसयाबाईंकडे जायचा. पाळकांचा नंबर त्यानंतर. देवळीहून सहा-सात किलोमीटरवर, यशोदा नदीच्या अलीकडे ही एकतीस घरांची ख्रिस्ती वस्ती आहे. सरकारी कागदावर तिला काहीतरी वेगळं नाव आहे म्हणतात, पण बसचा कंडक्टरसुद्धा "मिशनवाले उतरा" असंच ओरडतो. निरोप आला की अनुसयाबाई हातातलं काम टाकून धुवट पातळ नेसायच्या, खुंटीची कापडी पिशवी घ्यायच्या आणि निघायच्या. पिशवीत कात्री, कंगवा, पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या आणि घरच्या सरकीतून काढलेला कापूस असायचा.

मयताच्या घरी गेल्यावर रडणाऱ्या सगळ्या बायकांना त्या बाहेर काढत. पाणी ओतायला एकीला ठेवून घेत. मग प्रेताशी बोलत बोलत अंघोळ घालत. "हात उचल माय. हं. झालंच आता, एवढी पाठ राह्यली." जिवंतपणी ज्या बाईशी त्यांचं वाकडं होतं, तिच्याशीही त्या असंच बोलत. चाळीस वर्षांत मिशनमधली एकही बाई त्यांच्या हाताशिवाय मातीत गेली नव्हती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मिशनच्या देवळात सगळ्यांना वाटायची प्रभुभोजनाची भाकर भाजायचं कामही त्यांच्याकडेच होतं. आल्यागेल्याला लोक सांगत, आमची अनुसयाबाई म्हणजे पवित्र बाई, तिच्या तोंडून खोटा शब्द निघत नाही. असं कोणी म्हटलं की त्या मान खाली घालत. पण खाली घातलेल्या मानेलाही ते गोड लागतच होतं.

आणि का लागू नये? त्या पहिल्या घरातल्या होत्या. शंभर-सव्वाशे वर्षांमागच्या मोठ्या दुष्काळात मिशनच्या गोऱ्या साहेबांनी रस्त्यारस्त्यावरून पोरं गोळा करून आणली. त्यातल्या सात जणांचा बाप्तिस्मा यशोदेच्या पाण्यात सगळ्यांच्या आधी झाला. त्या सातांत अनुसयाबाईंचे पणजोबा होते. तेव्हापासून त्या सात घरांची बाकं पुढची, पंच त्यांच्यातलेच, आणि कबरस्तानात लिंबाच्या सावलीतली जागाही त्यांचीच. ज्या पोरांचा बाप कोण हे कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यांच्या नातवंडा-पणतवंडांनी तीन पिढ्यांत घराणं उभं केलं. देवाच्या राज्यातला वाटा त्यांनी सातबाऱ्यावर नाव चढवावं तसा चढवून ठेवला होता. माणसाला उपाशी असताना जे फुकट मिळतं, ते पोट भरल्यावर त्याला स्वतःच्या लायकीचं वाटायला लागतं.

मिशनची एक रीत मात्र खास त्यांचीच होती. कोणी मंडळीबाहेर, म्हणजे ख्रिस्ती नसलेल्या माणसाशी लग्न केलं, की त्याचं नाव मंडळीच्या यादीतून काढायला बैठक भरे. आणि मत घेताना पंच विचारत, घरच्यांचा हात आधी. आई, बाप, भाऊ, जो कोणी सगळ्यात जवळचा असेल त्यानं पहिला हात वर करायचा, मग बाकीच्यांनी. घरच्यांनी हात वर केला नाही तर नाव निघत नसे. ही रीत कोणी काढली हे कोणाला सांगता येत नाही. ज्यानं काढली तो माणूस चांगलाच पोचलेला असणार. कारण इतक्या वर्षांत घरच्या माणसाचा हात खाली राहिला, असं एकदाही झालं नव्हतं.

अनुसयाबाईंना एकच मुलगी, छाया. नवरा रूपराव छाया बारावीत असताना साप चावून गेले. लिंबाखाली त्यांना पुरलं, आणि रीतीप्रमाणे त्यांच्या डाव्या बाजूला अनुसयाबाईंसाठी चार दगड लावून जागा राखली. छाया देवळीला एका खाजगी शाळेत शिकवायला लागली. तिथे तिला रत्नदीप भेटला. वीज मंडळात लाइनमन, बोलायला कमी, बौद्ध घरचा. दोघांनी वर्ध्याला जाऊन नोंदणी लग्न केलं. तिनं धर्म सोडला नाही, त्यानंही सोडला नाही. "तुमचं तुमच्यापाशी, माझं माझ्यापाशी," असं त्यांनी ठरवलं आणि खरंच तसं निभावलंही.

लग्नानंतरच्या दुसऱ्या रविवारी उपासना झाल्यावर बैठक भरली. तेव्हाचे पाळक म्हातारे होते. निवृत्तीला वर्ष उरलेलं, आवाज बसलेला. ते उभे राहिले आणि म्हणाले, "हा प्रश्न काही आज पहिल्यांदा आलेला नाही. दोन हजार वर्षांपूर्वी करिंथ शहरातल्या मंडळीनं हेच विचारलं होतं. घरात एकजण विश्वासातला आणि दुसरा नाही, तर काय करायचं? त्याला सोडायचं का? त्याच्यामुळे आपण बाटतो का? ख्रिस्ताच्या प्रेषितानं उत्तर पाठवलं, सोडू नका. बाटत कोणीच नाही. होतं ते उलटच. विश्वासातल्या बायकोमुळे तो नवरा पवित्र ठरतो, आणि त्यांची लेकरं, ती तर पवित्रच."

 पाळक थोडा दम खाऊन पुढे म्हणाले, "आणि त्या काळात पवित्र जन कोणाला म्हणत होते, माहीत आहे? बंदरावरच्या हमालांना. गुलामांना. बाजारात विकल्या गेलेल्या बायांना. ज्यांच्या नावावर वीतभर जमीन नव्हती अशांना सांगितलं, की देवानं तुम्हाला वारस केलंय. त्यांनी तो वारसा कमावला नव्हता. आपणही कमावलेला नाही. मग दुसऱ्याच्या नावावरून तो खोडणारे आपण कोण?"

प्रेमदास गुरुजी तेव्हाही मुख्य पंच होते. शाळामास्तर, गोड बोलणारे, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारे. ते हसून म्हणाले, "पाळकसाहेब, ते करिंथ होतं. हा वर्धा जिल्हा हाये." बैठकीत हशा पिकला. मग त्यांनी अनुसयाबाईंकडे पाहिलं. "घरच्यांचा हात आधी."

अनुसयाबाईंनी हात वर केला. त्यांना कोणी धमकावलं नव्हतं, कोणी ढकललं नव्हतं. पुढच्या बाकावर बसलेली पणजोबांची पणती, सगळ्या मंडळीची पवित्र बाई, तिचा हात खाली कसा राहणार? छाया दाराशी चपला हातात धरून उभी होती. तिनं आईचा हात वर गेलेला पाहिला आणि ती बाहेर पडली. त्या हाताचा राग येऊन लिहावं, की त्या बाईची कीव करून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर पाच वर्षं मायलेकी बोलल्या नाहीत. जागृती झाली तेही अनुसयाबाईंना तिसऱ्याकडून कळलं. नात चार वर्षांची झाल्यावर एक दिवस त्यांना राहवलं नाही. बाजाराच्या दिवशी देवळीला उतरल्या आणि भाजी न घेता सरळ रत्नदीपच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. छायानं काही विचारलं नाही. पाणी दिलं, चहा ठेवला. रत्नदीपची आई जिजाबाई म्हणाली, "या विहीणबाई, बसा. लेक तुमचीच हाये." त्यानंतर दर बाजाराला त्या जाऊ लागल्या. जागृती त्यांना 'मिशनची आजी' म्हणायची. दोन्ही आज्या ओट्यावर शेंगा फोडत बसायच्या आणि पोरगी मध्ये बसून दोघींच्या वाटच्या शेंगा खायची. त्या नातीवर अनुसयाबाईंचा जीव जडला. असा जीव त्यांनी छायावरही लावला नव्हता, आणि हे त्यांचं त्यांनाही कळत होतं.

हात वर केल्याबद्दल मात्र दोघींमध्ये कधी एक शब्द झाला नाही. अनुसयाबाईंना वाटे, मिटलं. अशा गोष्टी न बोलता मिटतात, असं मानणाऱ्या माणसांपैकी त्या होत्या.

मागच्या वर्षी छायाला पोटाचा कॅन्सर निघाला. वर्ध्याच्या दवाखान्यात सहा महिने चकरा झाल्या, मग डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. नोव्हेंबर होता, बाहेर कापसाची वेचणी चालू होती. अनुसयाबाई देवळीलाच येऊन राहिल्या. एका दुपारी रत्नदीप कामावर गेलेला, जिजाबाई औषध आणायला गेलेली. जागृती आईचे पाय चेपत बसली होती. तेरा वर्षांची झाली होती ती. छायाला त्या दिवशी जरा बरं वाटत होतं. अनुसयाबाईंनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "छाया, मनात काही असन तं देवापाशी बोलून घे बापा. माफी मागून घे."

छायानं डोळे उघडले. "कायची माफी, माय? याच्याशी लगन केलं त्याची?"

अनुसयाबाई कपाळावरचा हात काढून तिचं पांघरूण नीट करायला लागल्या.

"ते नाई मागनार मी. ते चुकलं नाई. चौदा वर्षं चांगला संसार केला, चांगली पोरगी झाली. देवाले तोंड दाखवाले मले कायची लाज?" तिला धाप लागली. जागृतीनं तिला घोटभर पाणी पाजलं. मग छाया म्हणाली, "एकच काम कर. मले बाबाच्या बाजूले ठेवजो. तेवढं कर."

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

रत्नदीपच्या नातेवाइकांनी आपल्या रीतीनं करायची तयारी चालवली होती. रत्नदीपनं त्यांना थांबवलं. "तिनं बाबाजवळ ठेवा म्हटलंय. तसंच करू. आई, तुम्ही मिशनमध्ये बोलून या." अनुसयाबाई ऑटोनं मिशनला गेल्या आणि तडक प्रेमदास गुरुजींच्या घरी. गुरुजींनी त्यांना पंख्याखाली बसवलं, बायकोला चहा टाकायला सांगितलं. त्यांचे डोळेही ओले होते. छाया त्यांची विद्यार्थिनी होती.

"रूपरावच्या बाजूले मायी जागा हाये ना?" अनुसयाबाई म्हणाल्या. "ते तिले द्या. मायं पाहू पुढं. मले कुठंही टाका."

"जागेचं काय व बाई, जागा तुमचीच हाये. पण नाव?" गुरुजी हळूच म्हणाले. "यादीत नाव नसलेल्या माणसाले आत ठेवलं, असं आजपावतो झालं नाई. तुमच्या पोरीसाठी केलं तं उद्या दहाजण येतीन." मग जरा थांबून त्यांनी वाट काढली. ते नेहमीच वाट काढत. "मरताना तिनं पश्चात्ताप केला असन तं प्रश्नच नाई. मग नाव आपोआप परत येते. तुमी जवळ होत्या. तुमीच सांगा. सगळ्यांसमोर एक वाक्य बोला, की तिले त्या लग्नाचा पश्चात्ताप झाला होता. तुमच्या शब्दावर शंका कोन घेनार?"

एक वाक्य. अनुसयाबाईंनी चहा घेतला नाही. परत जाताना ऑटोत त्या स्वतःशी हिशेब घालत होत्या. लेकीनं दोन गोष्टी सांगितल्या होत्या. माफी मागणार नाही, आणि बाबाजवळ ठेव. दोन्ही एकदम पुऱ्या करता येणार नव्हत्या. पहिली पाळावी तर दुसरी मोडते. शेवटी त्यांना वाटलं, शब्दाचं काय, वाऱ्यावर जाईल. माती तर तिला बापाजवळची मिळेल.

घरी येऊन त्यांनी छायाला अंघोळ घातली. जिजाबाईनं पाठीला आधार दिला, जागृतीनं पाणी ओतलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्या दिवशी अनुसयाबाई प्रेताशी बोलल्या नाहीत. जागृतीनं मध्येच वर पाहून विचारलं, "आजी, तू काही बोलत काऊन नाई?" त्यांनी ऐकलं नसल्यासारखं केलं.

दुपारी तीनला देऊळ भरलं. पेटी पुढे ठेवली होती. पहिल्यांदाच मिशनच्या देवळात रत्नदीपकडची पंचवीस-तीस माणसं आली होती आणि मागच्या बाकांवर अवघडून बसली होती. आत्ताचे पाळक तरुण आहेत. महिन्यातून दोनदा नागपूरहून येतात, मंडळीचं जुनंपानं त्यांना फारसं माहीत नाही. त्यांनी गीत सांगितलं, प्रार्थना केली. मग प्रेमदास गुरुजी उठले. "आपली लेक परत आपल्यात आली. ते कसं, ते तिची आईच सांगन."

अनुसयाबाई उभ्या राहिल्या. पेटीच्या पलीकडे जागृती बापाचा हात धरून उभी होती. शाळेतला पांढरा कुर्ता घातला होता तिनं, रडून तोंड सुजलं होतं, तरी आजीकडे मान वर करून पाहत होती. आईबद्दल आजी काय बोलते, याची तिला उत्सुकता होती.

"छायाले पश्चात्ताप झाला होता," अनुसयाबाई म्हणाल्या. "ते लगन चुकलं, असं ते म्हनत होती. तिनं देवाची माफी मागतली."

मागच्या बाकांवर चुळबुळ झाली. रत्नदीपनं मान खाली घातली. कोणाकोणाकडे तो पाहणार होता? पुढच्या बाकांवरून "आमेन" आलं. जागृती मात्र तशीच आजीकडे पाहत राहिली, आणि बघता बघता तिच्या तोंडावरचं रडूच थांबलं. म्हातारे पाळक ज्याला जन्मापासून पवित्र म्हणाले होते ते लेकरू त्या पेटीपाशी उभं होतं, आणि त्याचा जन्म हीच चूक, असं त्याच्या आजीनं भरल्या देवळात सांगून टाकलं होतं. अनुसयाबाईंना ते वाक्य तोंडातून गेल्यावर कळलं. आधी कळलं असतं तर त्या थांबल्या असत्या का? त्यांनी स्वतःला हे पुढे फार वेळा विचारलं.

छायाला बापाच्या डाव्या बाजूला पुरलं. माणसं पांगल्यावर गुरुजी जवळ आले, खांद्यावर हात ठेवला. "झालं बाई, चांगलं झालं. फक्त आता दुसरं काही कोनाच्या कानावर येऊ देऊ नका. जागेचा प्रश्न परत उघडला, तं माया हातात नाई राहणार." अनुसयाबाईंच्या मनात त्याचा एकच अर्थ बसला. खरं बाहेर आलं तर कबर उकरतील.

आठ दिवसांनी देवळीला रत्नदीपच्या घरी बौद्ध रीतीनं पुण्यानुमोदन ठेवलं होतं. मांडवात छायाचा फोटो, मेणबत्त्या, पांढरी फुलं. वंदना झाली, मग एकेकानं उठून छायाबद्दल सांगितलं. शाळेतल्या बाईंनी सांगितलं, शेजारणीनं सांगितलं. जिजाबाई म्हणाली, "मले लेक नोती, ती आली होती." मग जागृती उठली. तिला कोणी बोलायला सांगितलं नव्हतं.

"मिशनमध्ये जे सांगतलं ते खोटं हाये," ती म्हणाली.  "आई म्हने, माफी मागनार नाई. लगन चुकलं नाई. चांगली पोरगी झाली म्हने. मी होती तिथं, पाय चेपत होती. मिशनच्या आजीलेही माहीत हाये. इचारा तिले."

सगळा मांडव अनुसयाबाईंकडे वळला. हो म्हणायला किती वेळ लागतो? पण मांडवात कोपऱ्यावर मिशनमधली दोन माणसं बसली होती, आणि अनुसयाबाईंना डोळ्यांसमोर फावडं दिसत होतं, लिंबाखालची ताजी माती दिसत होती.

"मले नीट ऐकू नोतं आलं बापा," त्या म्हणाल्या. "पोरगी लहान हाये. तिचा काही समज झाला असन."

जागृती खाली बसली. तिनं वादही घातला नाही. जेवणं झाल्यावर निघताना अनुसयाबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवायला गेल्या, तर ती बाजूला सरकून पत्रावळी उचलायला लागली. जिजाबाई रस्त्यापर्यंत पोचवायला आली. ती कधी कोणाला लागेल असं बोलत नसे, पण त्या दिवशी बोलली. "विहीणबाई, तुमी तुमच्या लेकीले जागा देली, चांगलं केलं. पण या पोरीले कुठं ठेवलं?"  बस आली आणि अनुसयाबाई चढल्या.

पुढचे दोन महिने त्या बाजाराला गेल्या नाहीत. मिशनमध्ये एक बाई वारली, तिला अंघोळ घातली, पण हात आपले नाहीत असं वाटत होतं. जानेवारीच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं. आदल्या दिवशी त्यांनी भाकर भाजली. सकाळी ती ताटात घालून, वर पांढरं फडकं टाकून देवळात नेली. तरुण पाळकांना जुन्या काळाच्या गोष्टी सांगायची आवड. भाकर वाटण्याआधी ते म्हणाले, की पहिल्या काही शतकांत सेवक ही भाकर उंच धरून पुकारत असे, की पवित्र आहे ते पवित्र जनांसाठी आहे. आणि ते ऐकून लोक घाबरत. आपल्यातला पवित्र कोण? म्हणून ते लगेच उत्तर देत, की पवित्र एकच आहे, तो ख्रिस्त. आमच्यापाशी जे आहे ते त्याच्याकडून आलेलं. ज्याच्या मनात कोणाबद्दल काही असेल, तो आधी जाऊन ते मिटवून येत असे, मगच ताटाला हात लावत असे.

ताट फिरत अनुसयाबाईंच्या बाकापाशी आलं. त्यांनी हात पुढे केला नाही. ताट धरणारा पंच थांबला, त्यानं ताट जरा पुढे सरकवलं. मग अनुसयाबाई उभ्या राहिल्या.

"मी खोटं बोलली," त्या म्हणाल्या. "माया लेकीनं पश्चात्ताप केला नोता. तिचं काही चुकलं नोतं. चुकलं ते माया हाताचं, त्या बैठकीत वर गेला त्याचं. आनि दुसऱ्यांदा चुकलं ते माया तोंडाचं. माफी मले मागायची हाये. कबर उकरायची तं उकरा, पन मले बोलू द्या."

 एका बाईनं हुंदका दिला, तिच्यामागून दुसरीनं. प्रेमदास गुरुजी आपल्या जागेवरून उठून आले, आणि त्यांनी अनुसयाबाईंचे दोन्ही हात हातात घेतले. "बस व बाई, बस. लेकीचं दुःख लय वाईट." मंडळीकडे वळून ते म्हणाले, "अंगावर घेऊन राह्यली ती सगळं. आईच ते. थकली बिचारी." कोणीतरी पाण्याचा पेला आणून दिला. पाळकांनी एकदा अनुसयाबाईंकडे पाहिलं, एकदा गुरुजींकडे, आणि ते गीत सांगायला लागले. अनुसयाबाई खाली बसल्या.

चाळीस वर्षं मिशनमध्ये त्यांच्या शब्दावर कोणी शंका घेतली नव्हती. खोटं बोलल्या तेव्हाही घेतली नाही. मंडळीनं पहिल्यांदा शंका घेतली ती त्या खरं बोलल्यावर.

उपासनेनंतर त्यांनी गुरुजींना अंगणात गाठलं. "गुरुजी, कबर?"

"कोनाची कबर?"

"छायाची. तुमी म्हटलं होतं ना, जागेचा प्रश्न उघडला तं..."

गुरुजी क्षणभर त्यांच्याकडे पाहतच राहिले. "अवो बाई, कबर कायले उघडन कोनी? पागल झाल्या का? ते तं मी त्या दिवशी असंच म्हटलं होतं." आणि त्यांनी नातवाला हाक मारून अनुसयाबाईंना घरापर्यंत सोडायला सांगितलं.

म्हणजे कोणीच काही करणार नव्हतं. मांडवात त्या हो म्हणाल्या असत्या, तरी लिंबाखालची माती कोणी हलवली नसती. ज्या भीतीनं त्यांनी नातीला सगळ्यांदेखत खोटं ठरवलं, ती भीती गुरुजींच्या लक्षातही नव्हती. हे सहन करणं त्यांना कबर उकरली असती त्यापेक्षा जड गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या देवळीला गेल्या. जागृती शाळेतून येऊन ओट्यावर वही घेऊन बसली होती. आजीला पाहून ती उठली, आतून पाण्याचा तांब्या आणून ठेवला, आणि परत वही उघडून बसली. जिजाबाई दारातून डोकावली आणि आत निघून गेली.

"मी सांगतलं काल देवळात," अनुसयाबाई म्हणाल्या. "सगळ्यांपुढं."

"काय सांगतलं?"

"तुयी आई म्हटली होती ते. जसंच्या तसं. मी खोटं बोलली तेही सांगतलं."

जागृतीनं पेन खाली ठेवलं. पहिल्यांदाच ती आजीकडे नीट पाहत होती. "मग ते काय म्हने?"

"काही नाई. थकली म्हने मी. बस म्हने."

"मग?"

"मग बसली."

 रस्त्यानं कापसाची गाडी गेली, तिची घरघर संपेपर्यंत जागृती थांबली. मग तिनं वही मिटली.

"आई नसती बसली," ती म्हणाली, आणि दप्तर उचलून आत गेली.

अनुसयाबाई ओट्यावर बसल्या होत्या तिथेच राहिल्या. तांब्यातलं पाणी त्यांनी घेतलं नाही. चारची बस समोरून गेली, पाचची गेली. जिजाबाईनं दोनदा येऊन आत या म्हटलं, तरी त्या उठल्या नाहीत.